कार्डांची कपाटं हलवण्याआधी: विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांची तालिका

बोधांक

नमस्कार मंडळी. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपासून आमच्याकडे जुनी कार्ड-तालिका कोहा या ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीवर आणायचं काम चालू आहे. इंग्रजी पुस्तकं भराभर झाली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की झेड३९.५० या ग्रंथालयांमधल्या जोडणीवरून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरते. ती तपासायची, आपल्या प्रतीचा दाखल क्रमांक नि बारकोड जोडायचा, झालं. मराठीपाशी आलो आणि गाडी रुतली.

पहिली गोष्ट, १९७० च्या आधी आयएसबीएन नव्हताच, आणि त्यानंतरही आपल्याकडच्या कितीतरी प्रकाशकांनी तो बरीच वर्षं घेतला नाही. म्हणजे तयार नोंद मिळणं नशिबावर. मग कार्डावरून किंवा दाखल नोंदवहीवरून हातानं भरायचं. ते काम बाहेरच्या मुलांना नोंदीमागे ठरावीक दरानं दिलं गेलं. मुलं कष्टाळू होती, पण त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. मागच्या महिन्यात मी प्रकाशन वर्षानुसार यादी काढली, तर वर १८३२ सालचा एक कथासंग्रह! छातीत धस्स झालं. इतकं जुनं आपल्याकडे आहे आणि आपल्याला पत्ताच नाही? धावत जाऊन पुस्तक काढलं. मुखपृष्ठाच्या आत 'शके १८३२' छापलं होतं, म्हणजे इसवी सन १९१०. तशी मग एकेक करत साठ-सत्तर पुस्तकं सापडली.

दुसरं, जुन्या शीर्षकांतले अनुस्वार. कार्डावर 'कांहीं' आहे, 'नांव' आहे. भरणाऱ्यानं कधी तसंच ठेवलं, कधी आजच्यासारखं केलं. आता शोधताना निम्मी पुस्तकं येतात, निम्मी येत नाहीत.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त झोंबणारं: एका प्राध्यापकांना विभावरी शिरूरकरांचं सगळं लेखन हवं होतं. यंत्रानं दाखवलं तेवढं मी दिलं. मालती बेडेकर या त्यांच्या खऱ्या नावाखाली असलेलं काहीच आलं नाही. ते माझ्या लक्षातही आलं नाही, त्यांनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.

आता वरून निरोप आहे की विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आत काम संपवा आणि कार्डांची कपाटं काढून तिथे वाचनाची टेबलं टाका. जोडीला अशीही सूचना आहे की सगळ्या मराठी पुस्तकांचं ड्युईच्या, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं मांडायच्या पद्धतीच्या, २३ व्या आवृत्तीप्रमाणे पुन्हा वर्गीकरण करून टाकू, म्हणजे एकदाच काय ते होईल. माझ्या हातात माणसं दोन. कशाला हात घालू आणि काय सोडू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_तालिकाकार

ताई, कपाटं हलवू देऊ नका. निदान अजून नको. कारण सांगतो.

मी चौतीस वर्षं तालिका विभागात काढली. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं ते कार्ड, खाली भोक, त्यातून सळई. एका पुस्तकाची किमान चार-पाच कार्डं व्हायची: लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं, मालेचं, आणि शेल्फलिस्टचं, म्हणजे मांडणीच्या क्रमानं लावायचं. त्याखेरीज दोन जातींची कार्डं आम्ही लिहायचो, ज्यांची आज कुणाला आठवण नाही.

एक 'पाहा' कार्ड. 'शिरवाडकर, वि. वा. — कुसुमाग्रज पाहा.' 'ठोंबरे, त्र्यंबक बापूजी — बालकवी पाहा.' खानोलकरांचं 'हेही पाहा' असायचं, कारण कविता आरती प्रभू या नावानं आणि कादंबऱ्या-नाटकं स्वतःच्या नावानं. दोन्ही नावं मुखपृष्ठावर खरी, त्यामुळे एकीकडे ढकलून चालायचं नाही, दोन्हीकडून वाट ठेवायची. तुमच्या प्राध्यापकांना जे मिळालं नाही ते असल्याच कार्डावर असणार. बेडेकर, मालती, त्याआधीच्या बाळूताई खरे, लेखनात विभावरी शिरूरकर. तीन नावं, एक बाई.

दुसरं विश्लेषक कार्ड. गौरवग्रंथात पंचवीस लेख असतात. त्यांतला एखादा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर असेल तर त्या लेखाचं वेगळं कार्ड. दिवाळी अंकात अख्खी कादंबरी छापून आली तर तिचं वेगळं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत किती लेखन अंकांमधून आलंय याचा विचार करा. पुस्तकाच्या नोंदीत ते दिसणारच नाही.

आता मुद्द्याचं. तुमचं संगणकीकरण कशाच्या आधारानं झालं? दाखल क्रमांकाच्या. भरणाऱ्या मुलाला सांगितलं असणार की प्रत्येक दाखल क्रमांकाची एक नोंद कर. 'पाहा' कार्डाला दाखल क्रमांक नसतो! ते कार्ड कुठल्याच पुस्तकाचं नसतं, ते वाचकाचं असतं. त्यामुळे मुलानं ते बाजूला सारलं, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. आमच्याकडे हेच झालं. माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कपाटं गेली, आणि आम्ही तिघांनी तीस-पस्तीस वर्षांत जमवलेली नावांची ओळख एका टेम्पोत गेली. मी त्या दिवशी तिथे होतो. त्यावर जास्त लिहीत नाही.

देवघेव_खिडकी

मी देवघेव विभागात बसते म्हणून थोडंसंच. विद्यार्थी मोबाइलवर रोमनमध्ये टाइप करतात. 'व्याकरण' शोधायचं तर इंग्रजी अक्षरांत. आमच्या ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या शोध-पडद्यावर, मराठी नोंद फक्त देवनागरीत आहे, म्हणून 'नो रिझल्ट' येतं आणि मुलं म्हणतात तुमच्याकडे पुस्तकच नाही. रॅकवर सहा प्रती उभ्या असतात. देवनागरी टंकायला येत नाही हे सांगायला मुलं लाजतात, हेही पाहिलंय. कृपा करून शीर्षकाचं रोमन रूप नोंदीत घाला, कसंही चालेल.

आणि एक. आमच्याकडे सहा प्रतींच्या सहा वेगळ्या नोंदी आहेत. मुलगा पहिल्या नोंदीवर 'बाहेर गेलेले' वाचतो आणि परत जातो.

अर्धा_र

@बोधांक, माझं काम सॉफ्टवेअरचं, पण तीन ग्रंथालयांचा मराठी डेटा मी साफ करून दिलाय. तुमच्या डेटात आणखी काही दडलेलं असणार, ते आत्ताच तपासा.

'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. विदर्भावर काम करणाऱ्यानं 'वऱ्हाड' शोधलं की त्याच्या कीबोर्डप्रमाणे निम्मी पुस्तकं गायब. 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर', सगळीकडे हेच.

तसंच 'ॲ'. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच टंकतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत, या दोन्ही जोड्या एक करत नाही, म्हणून ते आपणच करावं लागतं. नोंदी एकदा बाहेर काढून एकाच रूपात बदलून परत भरायच्या, आणि शोधाच्या बाजूलाही तोच नियम लावायचा. दोन दिवसांचं काम आहे, कार्डं भरण्यासारखं दोन वर्षांचं नाही.

अकारविल्हे यादी काढून पाहा. युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या लगेच पुढे बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. मराठीचा क्रम सांगितला नसेल तर यंत्र कोष्टकाचा क्रम घेतं आणि ज्ञानेश्वर ज मध्ये जाऊन बसतात. कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर त्याचं आयसीयू इंडेक्सिंग चालू आहे का ते आधी बघा. भारतीय लिप्यांसाठी ते हवंच.

निवृत्त_तालिकाकार काकांच्या 'पाहा' कार्डांना कोहात जागा आहे, आणि ती चांगली आहे. ऑथॉरिटी नोंद म्हणतात, म्हणजे एका लेखकाची सगळी नावं एकत्र ठेवणारी नोंद. मान्य नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, 'पाहा'वाली नावं ४०० मध्ये, 'हेही पाहा'वाली ५०० मध्ये. विभावरी शिरूरकरांची एक ऑथॉरिटी नोंद करा, ४०० मध्ये मालती बेडेकर, बाळूताई खरे, आणि रोमन स्पेलिंगं जितकी सुचतील तितकी. सगळ्या पुस्तकांच्या नोंदी तिला जोडा. यापुढे कुठल्याही नावानं शोधलं तरी पोचता येईल. यासाठी मार्कमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदींच्या साच्यात, नवं काही लागत नाही. १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी मार्क उभं केलं, त्याच घराण्यातली ही सोय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती रिकामी पडून आहे.

दूरदेशी

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांच्या पुस्तकांच्या नोंदी करतो. मराठी जुनी पुस्तकं असतील तर इथल्या नोंदी जरूर धुंडाळा. अमेरिकेनं भारताला गहू विकला त्याचे रुपये भारतातच जमा होत होते. पीएल-४८० नावाच्या त्या व्यवस्थेतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठी भरपूर आहे आणि नोंदी फार काळजीनं केलेल्या आहेत.

पण त्या जशाच्या तशा उतरवू नका. जुन्या नोंदींत देवनागरी नसतेच, सगळं रोमन लिप्यंतरात. त्या लिप्यंतराचा नियम संस्कृताला धरून आहे. आपण 'कुल्कर्णी' बोलतो, नोंदीत ल चा अकारही लिहिलेला असतो. तुमचा विद्यार्थी रोजच्या स्पेलिंगनं शोधील त्याला ते सापडणार नाही. अनुस्वाराचं तर फारच. तो त्या त्या वर्गातल्या अनुनासिकात बदललेला असतो, त्यामुळे यंत्रानं उलट देवनागरी केलीत तर 'देशपांडे'चं 'देशपाण्डे' होतं. वर्ष, पानं, प्रकाशक, विषय एवढं घ्या. नाव आणि शीर्षक पुस्तक हातात घेऊन स्वतः लिहा.

आम्ही २४५ या शीर्षकाच्या रकान्यात रोमन आणि ८८० मध्ये मूळ लिपी देतो, ती आमची गरज. तुमच्याकडे २४५ सरळ देवनागरीत ठेवा आणि २४६ या पर्यायी शीर्षकाच्या जागेत रोजचं रोमन रूप द्या. देवघेव_खिडकी ताईंचा प्रश्न तिथेच सुटतो. अनुस्वाराचाही. मुखपृष्ठावर 'कांहीं' असेल तर २४५ मध्ये 'कांहीं'च हवं, कारण पुस्तकावर जे छापलंय ते बदलायचा हक्क आपल्याला नाही. १९६२ साली शासनानं शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले, त्याप्रमाणे होणारं 'काही' २४६ मध्ये.

शकाचंही तसंच. छापलेला शक तसाच नोंदवा, शेजारी चौकटी कंसात इसवी सन. नेहमी ७८ मिळवायचे, पौष ते फाल्गुन असेल तर ७९. ००८ मधल्या वर्षाच्या जागी मात्र इसवी सनच जायला हवा, कारण यंत्र तिथूनच क्रम लावतं.

शोधयात्री

मी पीएचडी करतोय, ग्रंथालयशास्त्रातला नाही, फक्त वाचक. सगळे नोंदींबद्दल लिहिताहेत, पण मी मांडणीसमोर उभा राहून पुस्तकं शोधणारा माणूस आहे आणि मला पुनर्वर्गीकरण व्हावं असं मनापासून वाटतं. दलित आत्मकथनं आमच्याकडे तीन ठिकाणी विखुरली आहेत: काही ८९१.४६ मध्ये, काही चरित्रांत, काही समाजशास्त्रात. ज्ञानेश्वरीच्या काही आवृत्त्या गीतेच्या २९४.५९२४ वर आहेत आणि काही मराठी काव्याच्या ८९१.४६१ वर, तेही दुसऱ्या मजल्यावर. एकाच ग्रंथासाठी दोनदा जिना चढतो.

शिवाय ड्युईचा आराखडाच आपल्याला कोपऱ्यात बसवतो. १८७६ सालचा सांगाडा. इंग्रजी साहित्याला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०, पुढे ८८० पर्यंत इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक, आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून ८९०. धर्मात २२० ते २८० ख्रिस्ती, आणि बाकी सगळे धर्म २९० मध्ये. यात नव्या आवृत्तीचे आकडे घालून काय होणार? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन आपले होते ना, मग त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत का नको?

निवृत्त_तालिकाकार

शोधयात्री, तुमची तगमग खरी आहे आणि आराखड्याबद्दल म्हणता तेही खरं. मी स्वतः रंगनाथनांचा भक्त. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून १९३३ साली त्यांनी कोलन छापली. विषयाचे पाच पैलू पाडून, व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल, ते चिन्हांनी जोडायचे, ही कल्पना आजही शिकवताना माझ्या अंगावर काटा येतो. मूळ अभिजात ग्रंथ आणि त्यावरच्या टीका, टीकांवरच्या टीका एकत्र कशा ठेवायच्या याची खास युक्ती त्यांनी दिली आहे. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथासाठी ती अगदी चपखल. पण कोलनची सातवी आवृत्ती १९८७ सालची. त्यानंतर आराखडा अद्ययावत ठेवणारी यंत्रणा मागे उभी राहिली नाही. आज हजारो पुस्तकं तिकडे नेली तर उद्या नव्या विषयाला अंक कोण देणार?

आणि पुनर्वर्गीकरण म्हणजे नुसता आकडा बदलणं नव्हे. प्रत्येक पुस्तक काढा, आतला बोधांक, म्हणजे मांडणीवरचा पत्ता, खोडा, पाठीवरचं लेबल सोलून नवं लावा, नोंद बदला, नव्या जागी ठेवा, आणि मधल्या काळात वाचकाला ते सापडायला हवं. दोन माणसांत पन्नास वर्षं. माझं मत विचाराल तर, अमुक तारखेपासून नवीन येणारं पुस्तक नव्या आवृत्तीप्रमाणे. जुन्यातली एखादी दुखरी जागा, म्हणजे ज्ञानेश्वरी किंवा आत्मकथनं, तेवढी हातात घेऊन निस्तरायची. ज्ञानेश्वरी कुठे ठेवायची यावर वाद घालत बसू नका. एक जागा ठरवा, लिहून ठेवा, पुढच्या माणसाला कळू द्या. दुसऱ्या वाटेनं येणाऱ्यासाठी विषयाच्या ६५० मध्ये दोन्ही विषय द्या. पुस्तक एका वेळी एकाच मांडणीवर राहू शकतं, नोंदीला ते बंधन नाही.

खरी अडचण वर्गांकात, म्हणजे विषयाच्या आकड्यात, नसून ग्रंथांकात, म्हणजे त्याखालच्या लेखकाच्या खुणेत आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी. त्याखाली आडनावाची पहिली दोन अक्षरं. 'कुल' म्हटलं की सगळे कुलकर्णी एकत्र! 'जोश' खाली सगळे जोशी. 'देश' खाली देशपांडे, देशमुख, देशमाने सगळे. एका लेखकाची पाच पुस्तकं पाच ठिकाणी पेरलेली. इंग्रजीसाठी नावांना आकडे देणारी कटरची कोष्टकं होती, आपल्या आडनावांना ती पुरत नाहीत. आमच्याकडे एक साधी वही होती. प्रत्येक कुलकर्ण्याला एक आकडा, आडनावाच्या अक्षरांना चिकटवलेला. कुल१, कुल२. ती वही जपा म्हणून मी सांगून आलो होतो.

तुमच्याकडे अशी वही आहे का, ताई? कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात बघा. आम्ही तिथेच ठेवायचो.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. इथली अडचण थोडी वेगळी आहे, नोंदीत 'भाषा' आणि 'लिपी' यांची गल्लत. फादर स्टीफन्सांचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, भाषा मराठी, लिपी रोमन. त्याच्या रोमन आवृत्तीची नोंद करणारा लिपी बघून भाषेच्या जागी भलतंच काही लिहू शकतो. कोंकणीचं तर देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम, सगळ्या लिप्यांत छापलेलं मिळतं. म्हणून ०४१ मध्ये भाषेचा संकेत आणि ५४६ मध्ये लिपी, दोन्ही वेगळे भरा. तुमच्याकडे मोडीत छापलेली शिळाप्रेस पुस्तकं असतील तर त्यांनाही हेच लागू. त्यांच्या नोंदीत 'मोडी' हा शब्द नसेल तर मोडी वाचणाऱ्याला ती कधीच सापडणार नाहीत. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे, पण टंकायला माणसं कुठून आणणार; देवनागरी शीर्षक आणि ५४६ मध्ये लिपीचं नाव, इतकं पुरे.

अर्धा_र

@मांडवीकाठ, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माझ्या तपासणीच्या यादीत घातलं.

@बोधांक, साफसफाईसाठी लागणारे बदल मी लिहून देतो. आधी नोंदींची पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवा, मगच हात लावा.

बोधांक

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण तळघरात होते.

काका, वही सापडली. खालच्या खणात नव्हती, शेल्फलिस्टच्या शेवटच्या ड्रॉवरमागे सरकली होती. निळी, रेघांची, दोन वेगळी हस्ताक्षरं. कुलकर्णी एकोणचाळीसपर्यंत गेलेत. प्रत्येक आकड्यापुढे पूर्ण नाव, काहींपुढे गाव, आणि काहींपुढे कंसात टोपणनाव. हे शेवटचं आमच्या संगणकात कुठेच नाही.

'पाहा' कार्डं मी मोजायला घेतली. लेखकांच्या ड्रॉवरांतली पहिली चार झाली, त्यात दोनशे अकरा निघाली. कोपरा गुलाबी रंगवलेला आहे, त्यामुळे पटकन ओळखू येतात.

ग्रंथपालसाहेबांशी बोलले. पुनर्वर्गीकरण आत्ता करायचं नाही हे त्यांनी मान्य केलं. ज्ञानेश्वरी आणि आत्मकथनं तेवढी मे महिन्याच्या सुट्टीत घेऊ. @शोधयात्री, गीतेच्या अंकावर सगळं आणावं असं मला वाटतंय, तुम्ही वाचक म्हणून सांगा, चालेल का? प्रतींच्या वेगवेगळ्या नोंदी एकत्र करायला आमच्या देवघेवमधला एक जण रोज सकाळचा एक तास देणार आहे. कपाटं दिवाळीपर्यंत हलणार नाहीत, तसं लेखी घेतलंय.

सोमवारपासून मी आणि माझी सहकारी रोज वीस ऑथॉरिटी नोंदी करणार. सुरुवात गुलाबी कार्डांपासून. एका ठिकाणी आत्ताच अडलेय. वहीत 'कुल१७' पुढे नाव आहे, गाव वाई लिहिलंय, आणि कंसात टोपणनाव आहे ते शाई पसरल्यामुळे लागत नाही. शेवटचं अक्षर 'ज' असावं, किंवा 'त'. १९२० ते ४० च्या दरम्यान लिहिणारे, आडनाव कुलकर्णी, वाईचे, टोपणनाव चार-पाच अक्षरी. शं. ग. दात्यांच्या १८०० ते १९३७ च्या मराठी ग्रंथ सूचीत मी उद्या बघणार आहेच. तोवर कुणाला काही आठवत असेल तर लिहा.

निवृत्त_तालिकाकार

पानाचा फोटो इथे टाकता येईल का? दुसरं हस्ताक्षर कुणाचं ते मला बहुतेक ओळखता येईल.